दोन खोल्यांचं एकच नाव

हेमंत वडके दवाखान्यातल्या केंद्रात आला तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मुक्ता देवरे डबा धुऊन जागेवर परतली, तर हा तिच्या टेबलापाशी उभा. चार महिन्यांपूर्वी, त्याचे वडील गेले त्या दिवशी, तिनं त्याला पाहिलं होतं ते दाढी वाढलेला, डोळे सुजलेला. आज अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

“ओळखलंत ना मॅडम? भास्करराव वडक्यांचा धाकटा.”

“ओळखलं की. बसा ना.”

त्यानं कागद सोडला. आत तांब्याचा गडू होता, अंगभर बारीक ठोक्यांचा. “मी घडवलाय. हातानं. प्रेस विकून टाकला मी. अण्णांची जुनी ऐरण काढली. सुरुवातीला नुसतं वाकडंतिकडं होत होतं. हा जरा बरा जमलाय, म्हटलं तुम्हाला द्यावा.”

वडक्यांची गोष्ट केंद्रात सगळ्यांनाच ठाऊक होती. भास्करराव नाशिकचे नावाजलेले तांबट. भांड्याच्या बुडाशी त्यांचा ठसा असायचा आणि त्या ठशावर गिऱ्हाईक डोळे झाकून विश्वास ठेवायचं. हेमंतनं प्रेसवर दाबून काढलेली भांडी तोच ठसा मारून हातघडणीची म्हणून विकली. ते उघडकीला आलं आणि बापानं लेकाचं तोंड पाहायचं सोडलं. त्याला बरीच वर्षं झाली. पुढे मज्जातंतूंच्या आजारात भास्कररावांचे हातपाय गेले, मग वाचा गेली, आणि मुलीनं त्यांना इथे आणलं. इथल्या यंत्रानं त्यांच्या मनातलं कागदावर उतरवलं, मुलीनं तो कागद भावाला नेऊन दाखवला आणि हेमंत धावत आला. पुढच्याच आठवड्यात भास्कररावांना न्यूमोनिया झाला, यंत्र लावणं बंद झालं. शेवटपर्यंत हेमंत त्यांच्या उशाशी बसून होता.

तो कागद त्यानं आता खिशातून काढला. प्लास्टिकमध्ये घालून घेतला होता. वर भास्कररावांचं नाव, खाली तीन वाक्यं: ‘त्याला बोलवा. माझा राग नाही. मी वाट बघते.’

“हे ‘बघते’ वाचून ताई हसली होती,” हेमंत म्हणाला. “अण्णा, आणि बघते. तुम्हीच सांगितलंत ना, यंत्राची शेवटची मात्रा कधीकधी चुकते म्हणून.”

“हो. मीच सांगितलं होतं.”

“एक काम होतं मॅडम. तुम्ही आता पेशंटच्या स्वतःच्या आवाजात ऐकवता म्हणे. ताईच्या लग्नाच्या व्हिडिओत अण्णा बोललेत, तो पेनड्राइव्ह आणलाय. एवढी तीन वाक्यं त्यांच्या आवाजात मिळाली तर बघा. एकदा ऐकायचीत.”

मुक्ता हो म्हणाली. नाही म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

यंत्राचं नाव ‘वाचा’. सिंहस्थ होऊन चार वर्षं झाली होती, आणि अशी केंद्रं अजून राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. माणसाला बोलायचं असतं तेव्हा मेंदू आधी जिभेला, ओठांना, गळ्याला हुकूम सोडतो. ‘प’ म्हणायचा तर ओठ मिटा, ‘क’ म्हणायचा तर जीभ मागे उचला. शरीर लुळं पडलं की हे हुकूम वाटेतच अडतात, पण मेंदू ते सोडायचं थांबत नाही. कवटीच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी बसवायची. ती हे हुकूम टिपते. काही आठवडे पेशंटला ठरावीक वाक्यं मनात म्हणायला लावायची, म्हणजे कुठल्या हालचालीचा हुकूम कसा दिसतो ते यंत्र शिकतं. त्यानंतर पेशंट मनात जे बोलेल ते अक्षरांत उमटतं.

प्रत्येक बैठकीला इथे सत्र म्हणत. सत्रात जाळीनं टिपलेला कण न् कण डेटाबेसमध्ये साठायचा. त्याला वेळ, खोली, पेशंट आणि सत्राचा क्रमांक चिकटलेला असायचा. तिथे घोटाळ्याला जागा नव्हती. अक्षरं लगेच पडद्यावर दिसायची सोय अलीकडची; तेव्हा सत्र संपलं की एक प्रोग्रॅम त्यातली वाक्यं उपसून एका फाइलमध्ये लिहायचा. दुसरा प्रोग्रॅम ती फाइल उचलायचा, वर पेशंटचं नाव घालायचा आणि कागद छापायचा. हे दोन्ही मुक्तानं लिहिले होते. मधल्या फाइलचं नाव तिनं ‘निकाल’ ठेवलं होतं. नुसतं ‘निकाल’. तेव्हा खोली एकच होती. नवा निकाल आला की जुना पुसला जायचा, आणि जुना कागद तोवर छापून झालेला असायचा.

मग दुसरी खोली तयार झाली. मुक्ताला तेव्हाच दिसलं होतं. दोन्ही खोल्या ‘निकाल’ नावाच्या एकाच फाइलमध्ये लिहिणार होत्या. नावात तारीख, खोली आणि सत्राचा क्रमांक घालायला हवा होता. घालणं सोपं होतं, पण छापणारा प्रोग्रॅम ‘निकाल’ याच नावाची फाइल शोधायचा, डॉक्टरांच्या मोबाइलवर निकाल दाखवणाराही तीच शोधायचा. एका ठिकाणी नाव बदललं की सगळीकडे बदला आणि पुन्हा सगळं तपासा. नव्या खोलीचं उद्घाटन तोंडावर आलं होतं. दोन्ही खोल्यांची सत्रं एकाच वेळी संपणार तरी किती वेळा, असं म्हणून तिनं ते पुढे ढकललं.

उद्घाटनानंतरच्या आठवड्यात तिनं ते केलं. तेव्हापासून प्रत्येक फाइल आपली तारीख, खोली आणि सत्र नावातच घेऊन जन्माला येऊ लागली. मधल्या आठवड्यात काही गडबड झाली होती का, हे मात्र तिनं पाहिलं नाही. पाहायला हवं हे कळत होतं. अर्ध्या तासाचं काम होतं. काही सापडलं तर काय, या धास्तीनं तिनं ते केलं नाही, आणि हळूहळू स्वतःलाही विसरायला लावलं.

हेमंत बाहेरच्या बाकावर बसला. मुक्तानं लग्नाच्या व्हिडिओतला आवाज यंत्राला दिला, डेटाबेसमधून भास्कररावांचं ते सत्र काढलं आणि हेडफोन लावला.

खर्जातला, थोडा घोगरा आवाज आला. “पुरे. कुणी नको मला आता.”

तिला वाटलं चुकीचं सत्र उघडलं. तिनं तारीख पाहिली, क्रमांक पाहिला, पेशंटचं नाव पाहिलं. पुन्हा लावलं. तेच. मग तिनं त्याच सकाळचं खोली दोनमधलं सत्र उघडलं, आणि ती तीन वाक्यं तिथे होती. पेशंट सुशीला धात्रक. मी वाट बघते. यंत्राची एक मात्रादेखील चुकली नव्हती.

काय झालं असणार ते तिला बसल्या जागी उमगलं. खोली दोनचं सत्र आधी संपलं आणि सुशीलाबाईंची वाक्यं ‘निकाल’मध्ये लिहिली गेली. खोली एकमध्ये छापण्याचं बटण दाबलं गेलं तेव्हा तिथला निकाल अजून लिहून व्हायचा होता. प्रोग्रॅमला ‘निकाल’ समोर दिसला, त्यानं तो उचलला आणि वर भास्कररावांचं नाव घातलं. तेवढ्यात भास्कररावांची वाक्यं त्याच फाइलवर येऊन बसली, आणि खोली दोनमध्ये बटण त्यानंतर दाबलं गेलं, तेव्हा ती सुशीलाबाईंच्या नावानं छापली गेली.

हेमंत तिला पाहून उठला. “झालं?”

“वेळ लागेल,” मुक्ता म्हणाली. “व्हिडिओत गर्दीचा आवाज फार आहे.”

“घाई नाही मॅडम,” तो म्हणाला आणि गेला.

सुशीला धात्रक दुसऱ्या मजल्यावर होत्या. सिन्नर रस्त्यावर गाडी उलटली तेव्हापासून त्यांच्या पापण्यासुद्धा त्यांच्या ताब्यात नव्हत्या. ऐकू सगळं यायचं. गाडी त्यांचा मुलगा सागर चालवत होता. त्याला खरचटलंही नव्हतं. तो रोज दवाखान्यात यायचा आणि खालच्या कँटीनशी बसून राहायचा. वर जायचा नाही. आईसमोर कुठल्या तोंडानं जाऊ, असं नर्सला म्हणायचा. मग एके दिवशी आईच्या नावाचा कागद त्याच्या हातात पडला: ‘पुरे. कुणी नको मला आता.’ त्यानंतर तो कँटीनपर्यंतही आला नाही. त्याची बायको रविवारी यायची, सासूबाईंच्या केसांना तेल लावायची आणि जायची. त्या कागदाबद्दल पेशंटसमोर बोलू नका, त्रास होईल, असं तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आणि सुशीलाबाई पुढच्या सगळ्या सत्रांत गप्प राहिल्या. कागद कोरा. पेशंटनं उमेद सोडली, असं सगळ्यांनी धरलं आणि सत्रं बंद झाली. त्यांनी मुलाला बोलावलं होतं. माझा राग नाही म्हटलं होतं. तो आला नाही. त्यावर त्या आणखी बोलणार काय होत्या?

मुक्ता केंद्रप्रमुख डॉक्टर सबनीसांकडे गेली. त्यांनी दोन्ही सत्रं ऐकली, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आणखी किती?”

“आत्ता त्या आठवड्यातलं सगळं तपासलं. एवढंच.”

“धात्रकांच्या मुलाला बोलवा. जुनी सत्रं नव्या पद्धतीनं पुन्हा वाचली, त्यात हे निघालं, असं सांगा. ते खोटंही नाही फारसं.”

“आणि वडके?”

“वडक्यांना काय सांगणार तुम्ही? बाप गेला. मुलगा मार्गाला लागलाय. त्याच्याकडून ते काढून घेऊन कुणाचं भलं होणार आहे?”

मुक्ताला हे पटलं. पटलं याचीच तिला नंतर लाज वाटत राहिली, पण त्या क्षणी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं.

द्वारका चौकाजवळ सागर धात्रकचं ई-रिक्षांच्या बॅटऱ्या बदलून द्यायचं केंद्र होतं. तिशीतला, काटकुळा माणूस. मुक्तानं ओळख सांगितली तशी त्यानं हातातली बॅटरी खाली ठेवली.

“आई गेली का?”

“नाही, नाही. बऱ्या आहेत. आम्ही जुनी सत्रं पुन्हा वाचली. नव्या पद्धतीनं. त्यात तुमच्या आईंचं हे निघालं.” तिनं नवा कागद पुढे केला.

सागरनं वाचला. तो खुर्चीत बसला, पुन्हा वाचला. रिक्षावाला बॅटरीसाठी हाक मारत होता, त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

“तारीख तीच आहे,” तो म्हणाला. “त्या कागदावरची.”

“हो.”

“एकाच दिवशी आई त्याला बोलवा म्हणाली आणि कुणी नको पण म्हणाली?”

सागरनं कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

“नवी पद्धत म्हणता. पण त्यात तर एकही शब्द सारखा नाही मॅडम. मग ते आधीचं कुणाचं होतं?”

ठरवलेलं उत्तर तिच्या ओठांवर होतं. सागरच्या हाताला बॅटरीचं काळं लागलं होतं आणि कागद मळू नये म्हणून त्यानं तो दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. मुक्तानं त्याला सगळं सांगितलं. फाइलचं नाव, उद्घाटन, पुढे ढकललेलं काम, नंतर न केलेली तपासणी.

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही.

“म्हणजे माझ्या आईचं त्यांच्याकडे गेलं. त्यांना सांगितलंत?”

“नाही अजून.”

“मलाही सांगणार नव्हतात.”

“नव्हते.”

तो रस्त्याकडे बघू लागला. “एक सांगू का मॅडम? तो कागद वाचला तेव्हा रडलो मी. पण आतून सुटल्यासारखंही झालं. म्हटलं, चला, आता वर जायला नको. आईनंच सांगितलंय. तुमची चूक आहेच. पण जिना माझ्यासमोर होता की रोज.”

त्यानं दोष वाटून घेतला, तरी मुक्ताच्या वाट्याचा काही कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं झालं ते सगळं लिहून केंद्राच्या विश्वस्तांना पाठवलं. सबनीसांना आधी सांगितलं. ते चिडले, मग म्हणाले, “माझंही नाव घाला. पेशंटसमोर बोलू नका असं सांगणारा मीच.” विश्वस्त काय ते पुढच्या आठवड्यात ठरवणार होते. मुक्ता तेवढं थांबली नाही.

हेमंतचा कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला काढलेली पत्र्याची शेड. तो ऐरणीवर तपेलं ठोकत होता. मुक्ताला पाहून त्याचा चेहरा उजळला. “आवाज झाला?”

तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. बसून सांगण्याचा धीर नव्हता. ही वाक्यं तुमच्या अण्णांची नव्हती, खोली दोनमधल्या एका बाईंची होती. त्या आपल्या मुलाला बोलावत होत्या.

हेमंतनं हातोडी खाली ठेवली. ती नीट आडवी केली, पुन्हा सरळ केली.

“मग अण्णा काय म्हणाले होते?”

“हेमंत, ते त्या दिवशी फार थकलेले होते. न्यूमोनियाची सुरुवात असेल—”

“काय म्हणाले होते?”

“पुरे. कुणी नको मला आता.”

हेमंतनं ऐरणीवरचं तपेलं उचलून बाजूला ठेवलं.

“मी जवळ बसलो की डोळे मिटून घ्यायचे ते,” तो म्हणाला. “ताई आली की उघडे असायचे. मला वाटायचं, माझ्याजवळ बरं वाटतंय, झोप लागतेय. मी त्यांचा हात सोडला नाही मॅडम. शेवटपर्यंत हातात हात घेऊन बसलो. त्यांना काढून घेता येत नव्हता.”

“त्यांना नको होता असं त्यावरून म्हणता येत नाही.”

“हवा होता असं म्हणता येतं?”

“नाही,” मुक्ता म्हणाली. “ते आता कळणार नाही. तुम्ही आल्यानंतर एकही सत्र झालं नाही.”

“आवाजात आहे का ते? त्यांच्या?”

“आहे.”

“ऐकवा.”

तिनं मोबाइलवर लावलं. हेमंत मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “असंच बोलायचे. ‘पुरे’ असंच म्हणायचे. आणखी एकदा लावा.” तिनं लावलं. “‘कुणी नको’ म्हणाले. माझं नाव नाही घेतलं.”

“नाही घेतलं,” मुक्ता म्हणाली. त्याला आधार द्यायचा की त्याची फसवणूक टाळायची, हे तिला ठरवता येत नव्हतं. एवढं एकच वाक्य तिला खरं म्हणून बोलता आलं.

हेमंतनं खिशातून तो प्लास्टिकमधला कागद काढला आणि तिच्या हातात दिला. “ज्यांचा आहे त्यांना द्या.” मग ती दाराशी पोचल्यावर मागून म्हणाला, “सांगितलं नसतंत तर मला कधी कळलं नसतं.”

हे तो चांगल्या अर्थानं म्हणाला की वाईट, हे तिला विचारवलं नाही.

सुशीलाबाईंचं सत्र त्याच संध्याकाळी ठेवलं. इतके दिवस वापर नसल्यानं जाळीचे संकेत मंदावले होते; शब्द उमटायला वेळ लागेल, असं मुक्तानं सागरला आधीच सांगून ठेवलं. तो जिना चढून आला. दाराशी थांबला. पलंगावरच्या बाईंचे डोळे छताला लागलेले होते. बायकोनं रविवारी घातलेली वेणी खांद्यावरून पुढे आली होती. सागर पलंगाच्या कडेला गेला आणि उभा राहिला.

“आई. मी आलोय. सागर.”

पडदा कोरा होता. मुक्ता कोपऱ्यात संगणकाशी उभी होती. जाळी काहीतरी टिपत होती. रेषा थरथरत होत्या, त्यांची अक्षरं होत नव्हती. मग एकेक अक्षर आलं.

‘उशीर केलास.’

सागरनं ते वाचलं. त्यानं मुक्ताकडे पाहिलंही नाही. “हो आई,” तो म्हणाला, आणि पलंगाच्या दांडीवर कपाळ टेकवलं.

तो एवढ्यावर थांबला असता. सगळं अंगावर घेऊन मोकळा झाला असता, आणि मुक्ताला गप्प राहून चाललं असतं. त्या बाईंना कुणी काही सांगायचं असतं, हे तर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मुलाला सांगितलं, वडक्यांना सांगितलं, विश्वस्तांना कळवलं. जिनं ते शब्द एवढ्या कष्टानं बाहेर काढले, ती सगळं ऐकू येत असताना इथेच पडून होती.

मुक्ता पुढे झाली. बाईंच्या नजरेच्या टप्प्यात येईल अशी वाकली.

“काकू, मी मुक्ता देवरे. हे यंत्र मी सांभाळते. तुम्ही सागरला बोलवा म्हणाला होतात. राग नाही, वाट बघते म्हणाला होतात. ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. तुमचा कागद दुसऱ्याच घरी गेला, आणि त्या घरचा तुमच्या नावानं सागरच्या हातात पडला. त्यावर ‘कुणी नको मला आता’ असं होतं. तुम्हीच तसं म्हणालात असं त्यांना वाटलं. दोन कागद एकमेकांत मिसळणार नाहीत हे बघायचं काम माझं होतं. मिसळू शकतात हे मला माहीत होतं, तरी मी ते लांबणीवर टाकलं. नंतर तपासलंही नाही. हा उशीर त्यांचा नाही. माझा आहे.”

सागरनं मान वर केली होती. बाईंचा चेहरा होता तसाच राहिला. तो हलणारच नव्हता. मुक्ता पडद्याकडे पाहायला वळली नाही. त्या डोळ्यांत काही दिसतं का ते बघत राहिली, आणि तिला काहीच वाचता आलं नाही.

“मॅडम,” सागर हळूच म्हणाला.

पडद्यावर अक्षरं उमटत होती. ‘कळलं.’ मग बराच वेळ काही नाही. मग एकेक करून बाकीची. ‘तू बाहेर जा. मला याच्याशी बोलायचंय.’

मुक्ता बाहेर आली आणि तिनं दार लोटून घेतलं. व्हरांड्यातल्या बाकावर बसली. आतून सागरचा आवाज येत होता. तो बोलायचा, थांबायचा, पुन्हा बोलायचा. तो थांबत होता तेव्हा आई बोलत असणार. ती काय बोलत होती ते मुक्ताला खाली आपल्या टेबलावर बसून अक्षर न् अक्षर वाचता आलं असतं. ती बाकावरून उठली नाही.